प्लॅस्टिक कमी होतं, पण कशाने?

उत्तर समुद्रावर फुल्मर नावाचा एक पक्षी असतो. दिसायला सीगलसारखा, पण जमिनीशी त्याचा संबंध अंडी-पिल्लांपुरता. बाकी सगळा मुक्काम पाण्यावर. पृष्ठभागावर तरंगणारं जे दिसेल ते तो गिळतो. त्यामुळे समुद्रावर काय तरंगतंय, याची नोंद त्याच्या पोटात आपसूक होत राहते. नेदरलँड्समधले संशोधक 1980च्या दशकापासून किनाऱ्याला लागलेले मेलेले फुल्मर तपासत आले आहेत. जठर उघडायचं, आतला ऐवज एक मिलिमीटरच्या जाळीवर धुवायचा, मागे राहिलेले प्लॅस्टिकचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचे, वाळवायचे आणि प्रकारवार तोलायचे. काम किळसवाणं आहे आणि कंटाळवाणंही. पण प्लॅस्टिकबद्दलची मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी आशादायक बातमी याच जाळीवर सापडली. प्लॅस्टिकच्या वस्तू बनवण्यासाठी कारखान्यांना जो मसुराएवढा कच्चा माल जातो, ज्याला या धंद्यात ‘दाणा’ म्हणतात, तो या पक्ष्यांच्या पोटात 1980च्या दशकाच्या मानाने सुमारे 75 टक्क्यांनी घटला. उत्तर अटलांटिकमध्ये जाळी ओढून घेतलेल्या नमुन्यांतही जवळपास तेवढीच घट दिसली. आणि याच काळात जगातलं प्लॅस्टिकचं उत्पादन कित्येक पटींनी वाढलं होतं.

हे कसं झालं? एका कारणावर बोट ठेवता येणार नाही. पण दाणा हा कचरा नव्हे, विकाऊ माल आहे. तो सांडला तर नुकसान थेट मालकाचं. गळतीकडे लक्ष वेधलं गेल्यावर ती थांबवण्यात कारखानदाराचाच फायदा होता. त्याच सुमारास, 1988 पासून, जहाजांवरून समुद्रात प्लॅस्टिक टाकायला मारपोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने बंदी घातली. वापरून फेकलेल्या वस्तूंचे तुकडे मात्र त्या पोटांत दाण्याइतके घटले नाहीत. माझ्या मते यात नवल काही नाही. दाण्याला शेवटपर्यंत मालक असतो. विकल्या गेलेल्या वेष्टनाला तो नसतो.

दाण्याचा प्रश्न कायमचा मिटला, असंही नाही. 2021 मध्ये श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज पेटून बुडालं आणि सोळाशे टनांहून जास्त दाणा समुद्रात गेला. शिवाय पृष्ठभागावर दिसेनासं झालेलं प्लॅस्टिक विरघळलेलं नसतं. ते तळाशी बसतं, किनाऱ्याला लागतं किंवा डोळ्यांना न दिसण्याइतकं बारीक होतं. तरीही या आकड्यातून एक गोष्ट कळते, ती मोलाची आहे. वरून येणारा पुरवठा आटला की समुद्राच्या पृष्ठभागावर त्याचा परिणाम एखाद-दोन दशकांत दिसतो. ‘प्लॅस्टिक पाचशे वर्षं टिकतं, आता काय उपयोग’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

हात झटकावेसे वाटणं मला समजतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजदादीनुसार 1950 ते 2015 या काळात जगात 8.3 अब्ज टन प्लॅस्टिक तयार झालं. त्यातून जो कचरा झाला त्यातला जेमतेम 9 टक्के पुनर्वापराच्या चक्रात गेला, 12 टक्के जाळला गेला आणि उरलेला 79 टक्के कचराभूमीत किंवा उघड्यावर साचला. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या हिशेबाने एकट्या 2019 या वर्षात 353 दशलक्ष टन प्लॅस्टिक कचरा झाला. असे आकडे समोर आले की आभाळच फाटलंय, ठिगळ कुठे कुठे लावणार, असं वाटतं. पण 2020 मधल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासाने हा हिशेब दुसऱ्या टोकाकडूनही मांडला. आज हातात असलेलीच तंत्रं आणि धोरणं सगळीकडे नेटाने वापरली, तर 2040 पर्यंत समुद्रात जाणारं प्लॅस्टिक सुमारे 80 टक्क्यांनी कमी करता येईल, असं त्याचं म्हणणं होतं. सरकारांनी आणि कंपन्यांनी तोवर दिलेली आश्वासनं तंतोतंत पाळली तर मात्र किती फरक पडेल? फक्त 7 टक्के. या 7 आणि 80 मधल्या दरीत बसणारं काय आहे, यावर मला बोलायचं आहे. जिथे जिथे प्लॅस्टिक खरोखर कमी झालं, तिथे कुणाच्या तरी खिशाला नेमक्या जागी चाट बसलेली दिसते आणि कुणीतरी मोजदाद ठेवलेली दिसते. सद्भावना आणि चमत्कारी यंत्रं यांचा वाटा त्या मानाने फार थोडा.

2002 या एकाच वर्षात दोन देशांनी पिशव्यांविरुद्ध पाऊल उचललं. बांगलादेशाने पातळ पॉलिथिनच्या पिशव्यांवर संपूर्ण बंदी घातली. अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश. त्यामागे कारण होतं. 1988 आणि 1998 च्या महापुरांत पिशव्यांनी गटारं तुंबून पाणी अडलं होतं. आयर्लंडने बंदी घातलीच नाही. त्याने मार्चपासून दुकानातल्या प्रत्येक पिशवीवर 15 सेंट कर लावला, तो दुकानदाराने पदरचा न भरता गिऱ्हाइकाकडून वेगळा, बिलावर दाखवून घ्यायचा, अशी अट घातली आणि जमा झालेला पैसा पर्यावरणाच्या निधीत टाकला. कागदावर बांगलादेशाचा निर्णय कितीतरी धाडसी. प्रत्यक्षात आयर्लंडमध्ये माणशी वर्षाला 328 पिशव्यांचा वापर 21 वर आला, तर बांगलादेशात काही काळाने पिशव्या पुन्हा बाजारात आल्या आणि 2024 मध्ये सरकारला तीच बंदी नव्याने अमलात आणायची मोहीम काढावी लागली.

यावरून ‘बंदी वाईट, कर चांगला’ असा घाईचा निष्कर्ष काढू नये. आयर्लंडमध्ये दुकानाला पावती होती, कर गोळा करणारी यंत्रणा होती आणि पिशवीला पर्याय विकत घेण्याची लोकांची ऐपत होती. उलट रवांडाने 2008 पासून बंदी घातली आणि ती सीमेवरच्या तपासणीसकट कसोशीने राबवली. केनियाने 2017 मध्ये चार वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा 40 हजार डॉलरपर्यंत दंड ठेवला. तिथे पिशव्या कमी झाल्या, पण शेजारच्या देशांतून चोरटी आयात सुरू झाली. म्हणजे कायद्याचा प्रकार कोणता याहून तो कोण राबवतं, कशाच्या बळावर राबवतं आणि त्याची किंमत नेमक्या कोणत्या क्षणी कुणाला मोजावी लागते, यावर सगळं ठरतं. आयर्लंडच्या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा तपशील पहिल्या वर्षाच्या यशाचा नाही. काही वर्षांनी लोकांना 15 सेंटची सवय झाली, वापर हळूहळू चढत माणशी तीसच्या पुढे गेला. सरकारकडे मोजदाद होती म्हणून ते कळलं, आणि 2007 मध्ये कर 22 सेंट झाला. घोषणा करून मोकळं होणाऱ्यांना हे जमत नाही.

पिशव्यांच्या धोरणांनी कचरा खरंच घटतो का, याचं उत्तर आता बऱ्यापैकी पक्कं आहे. अमेरिकेत पिशव्यांचे नियम गावागणिक, राज्यागणिक वेगळे आहेत. त्याचा फायदा घेऊन किनारे स्वच्छ करणाऱ्या स्वयंसेवकांच्या हजारो मोहिमांच्या नोंदी ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात 2025 साली आलेल्या एका अभ्यासात तपासल्या गेल्या. जिथे बंदी किंवा शुल्क होतं तिथे, नियम नसलेल्या भागांच्या तुलनेत, गोळा झालेल्या कचऱ्यातला पिशव्यांचा वाटा 25 ते 47 टक्क्यांनी कमी निघाला. अर्धवट बंदीचा परिणाम सगळ्यात क्षीण दिसला. यातली मेख अशी की नियम असलेल्या भागांतही पिशव्या संपल्या नाहीत. फक्त इतरत्र जितक्या वाढल्या तितक्या इथे वाढल्या नाहीत. याला यश म्हणायचं का? मी म्हणतो. पण पेढे वाटण्याइतकं नाही.

पळवाटांचंही बोलायला हवं. कॅलिफोर्नियाने पातळ पिशव्यांवर बंदी आणली, पण जाड पिशवी ‘पुन्हा वापरण्याजोगी’ म्हणून चालू ठेवली. लोकांनी ती जाड पिशवी तशीच एकदा वापरून फेकली. पुढे 2024 मध्ये ही पळवाट बुजवणारा नवा कायदा करावा लागला. आणि कापडी पिशवी घेतली की पुण्य पदरात पडलं, असंही नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यासाठी 2018 मध्ये झालेल्या अभ्यासात साध्या सुती पिशवीचा हवामानावरचा बोजा फिटायला ती किमान 52 वेळा वापरावी लागते, असं निघालं. घरात डझनभर कापडी पिशव्या घडी घालून ठेवणाऱ्यांनी त्यांच्याकडे जरा या नजरेने पाहावं.

पिशवीपेक्षा बाटलीची कहाणी मला जास्त भरीव वाटते, कारण तिथे नुसतं कमी वापरा असं सांगून भागत नाही. बाटली परत यावी लागते. जर्मनीत किंवा नॉर्वेत दुकानाच्या भिंतीत एक गोल तोंडाचं यंत्र बसवलेलं असतं. रिकामी बाटली आडवी आत सरकवायची. यंत्र ती गरगर फिरवतं, पट्टीवरचा बारकोड सापडला की थांबतं, बाटली ओळखीची असेल तर आत ओढून घेतं. पुढच्याच क्षणी ती चेपल्याचा आवाज येतो. सगळ्या बाटल्या संपल्या की बटण दाबायचं, पावती निघते आणि बाटली घेताना किमतीवर वेगळी भरलेली अनामत परत मिळते. यात शहाणपणाची गोष्ट यंत्र नाही. बाटली चेपून जाते तेव्हा ती एकाच जातीच्या, स्वच्छ, इतर कचऱ्याने न बरबटलेल्या प्लॅस्टिकच्या ढिगात पडते. म्हणूनच तिची पुन्हा बाटली होऊ शकते. मिश्र कचऱ्यातून निवडलेल्या बाटलीचं बहुधा काहीतरी हलकं बनतं आणि ते त्यानंतर कचऱ्यातच जातं.

जर्मनीत 2003 पासून एकदा वापरायच्या बाटलीवर 25 सेंट अनामत आहे आणि परत येण्याचं प्रमाण 95 टक्क्यांच्या वर आहे. यावर नेहमीचा आक्षेप येतो: ती शिस्तीची माणसं, आपल्यासारख्यांना कुठे जमायचं. लिथुआनियाचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. तिथे 2016 च्या सुरुवातीला अनामत लागू झाली तेव्हा प्लॅस्टिकच्या बाटल्या जेमतेम एक तृतीयांश परत येत होत्या. दोन वर्षांत त्या 90 टक्क्यांवर गेल्या. एवढ्या काळात कुठल्याही समाजाची संस्कृती बदलत नाही. तिथे बाटलीची किंमत बदलली.

नॉर्वेने याच्या एक पाऊल पुढे जाऊन चाट वरच्या टोकाला लावली. तिथे पेयांच्या वेष्टनावर पर्यावरण कर आहे, पण जितक्या जास्त बाटल्या परत येतील तितका तो कमी होतो आणि परतीचं प्रमाण 95 टक्क्यांवर गेलं की शून्यावर येतो. म्हणजे बाटली परत यावी ही आता पेय विकणाऱ्याचीच निकड झाली. गोळा करण्याची व्यवस्था उद्योगाने स्वतः उभारली आणि तोच ती चालवतो. सरकार मोजतं, एवढंच.

या अनामतीची एक बाजू टिप्पणीपुरती का होईना सांगायला हवी. जिथे बाटलीला मोल असतं तिथे ती वेचून पोट भरणारी माणसंही असतात, आणि त्यांचं कष्टाचं, अंधारातलं काम हे व्यवस्थेचं यश म्हणून मिरवणं मला पटत नाही. कचरावेचकांशिवाय जगातल्या बहुतेक शहरांत पुनर्वापर जवळपास थांबेल. कोलंबियाच्या राजधानीने, बोगोटाने, न्यायालयीन लढ्यानंतर 2013 पासून त्यांना या सेवेचा मोबदला द्यायला सुरुवात केली. भंगाराच्या भावाखेरीज, शहराचं काम केल्याबद्दल. कुठल्याही नव्या योजनेच्या अंदाजपत्रकात ही ओळ आहे का, हे मी आधी बघतो.

आता यंत्रांकडे. महासागरातला कचरा गोळा करण्याची कल्पना घेऊन 2013 मध्ये एका तरुण डच संशोधकाने ‘द ओशन क्लीनअप’ सुरू केलं तेव्हा जगभर टाळ्या पडल्या. 2018 मध्ये पॅसिफिकमध्ये नेलेल्या 600 मीटर लांबीच्या पहिल्या तरंगत्या नळीत प्लॅस्टिक टिकेना, आणि काही आठवड्यांत तिचा एक तुकडाही सुटला. त्यांनी हार मानली नाही, रचना बदलल्या, आणि नद्यांच्या मुखांशीही कचरा अडवायला सुरुवात केली. हे वळण मला योग्य वाटतं. 2021 च्या एका अभ्यासानुसार नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे 80 टक्के हजाराहून अधिक नद्यांतून येतं. नदीत अडवणं महासागरात शोधत फिरण्यापेक्षा स्वस्त. पण तरीही ते वरातीमागून घोडं आहे. नदीपर्यंत पोचलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी बनवली, कुणीतरी विकली, आणि तिच्या शेवटाची जबाबदारी त्यांपैकी कुणावरच नव्हती.

प्लॅस्टिक खाणाऱ्या जिवाणूचीही अशीच गोष्ट. जपानमधल्या साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राबाहेरच्या मातीत तो सापडला, 2016 मध्ये जाहीर झाला, आणि त्यावर संशोधनाची लाट आली. 2020 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी सुधारलेल्या एका विकराने (एन्झाइमने) दहा तासांत बाटल्यांचं 90 टक्के पेट प्लॅस्टिक मूळ घटकांत मोडून दाखवलं. रसायनशास्त्र म्हणून हे थक्क करणारं आहे. पण हे जमलं, कारण पेटच्या साखळीत एस्टरचे बंध असतात आणि तिथे विकराला घाव घालायला जागा मिळते. पिशव्यांचं पॉलिथिन, डब्यांचं पॉलिप्रॉपिलीन यांचा कणा सलग कार्बनचा. तिथे ही मात्रा चालत नाही. आणि पेटसाठी देखील बाटली आधी गोळा होऊन, निवडून, दळून कारखान्यात यायला हवी. म्हणजे फिरून गाडी अनामतीपाशीच येते.

मग सगळा भर पुनर्वापरावरच का दिला जातो? मला वाटतं, तो सगळ्यांना सोयीचा पडतो म्हणून. विकणाऱ्याला विकत राहता येतं, घेणाऱ्याला वेगळ्या डब्यात टाकल्याचं समाधान मिळतं. पण प्लॅस्टिकच्या जाती एकमेकींत मिसळत नाहीत, थरांवर थर चिकटवलेली पाकिटं सुटी करता येत नाहीत, आणि तेल स्वस्त झालं की नवा दाणा जुन्यापेक्षा कमी भावात मिळतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2023 मध्ये प्लॅस्टिकशी निगडित 13 हजारांहून अधिक रसायनांची नोंद दिली. त्यांपैकी 3,200 हून जास्त चिंताजनक. ती रसायनं पुनर्वापरात गळून पडत नाहीत, पुढच्या वस्तूत जातात. श्रीमंत देशांची टक्केवारी चांगली दिसत होती, त्यातही गाठोडी जहाजाने दुसऱ्यांच्या दारात नेऊन टाकण्याचा भाग मोठा होता. 2018 मध्ये चीनने असा कचरा घेणं थांबवलं तेव्हा हे उघडं पडलं. तेव्हा रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा हा प्रकार आहे. जिथे माल जन्मतो तिथे काही करायचं नाही आणि ग्राहकाला मात्र डब्यांचे रंग पाठ करायला लावायचे.

प्लॅस्टिक पूर्ण नको, असं मी म्हणत नाही. सलाइनची पिशवी, एकदाच वापरायची सुई, विजेच्या तारेवरचं आवरण यांना हात लावायचं कुणी सुचवत नाही. वाद आहे तो काही मिनिटांच्या वापरासाठी बनणाऱ्या मालाचा. तिथे पर्याय असला की निर्णय किती सोपा असतो, हे सौंदर्यप्रसाधनांतल्या प्लॅस्टिकच्या सूक्ष्म मण्यांनी दाखवलं. अमेरिकेने 2015 मध्ये कायदा केला, ब्रिटनने 2018 मध्ये बंदी आणली, कुणाचा चेहरा त्यामुळे मळका राहिला नाही.

खरं घोडं पेंड खातं ते उत्पादनावर मर्यादा घालण्यापाशी. मार्च 2022 मध्ये नैरोबीत 175 देशांच्या प्रतिनिधींनी ठरवलं की प्लॅस्टिक प्रदूषणावर बंधनकारक जागतिक करार करायचा, आणि तोही 2024 अखेरपर्यंत. त्या मुदतीत, दक्षिण कोरियातल्या बुसानच्या बैठकीत, तो झाला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हातही झाला नाही. नॉर्वे आणि रवांडा यांच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या गटासह शंभराहून जास्त देशांना उत्पादन कमी करण्याची तरतूद हवी होती. तेल आणि वायू विकणाऱ्या देशांना करार फक्त कचरा व्यवस्थापनापुरता हवा होता. जवळजवळ सगळं प्लॅस्टिक तेल-वायूतूनच येतं, तेव्हा त्यांचं गणित स्पष्ट आहे. आणि एकमताशिवाय पान हलत नसल्यामुळे मूठभरांचा नकार पुरेसा ठरला.

एकमताच्या या कोंडीतून वाट काढल्याची उदाहरणं मात्र आहेत. भूसुरुंगांवरच्या बंदीची बोलणी निःशस्त्रीकरणाच्या नेहमीच्या मंचावर अडली होती, तेव्हा तयार असलेल्या देशांनी वेगळे बसून 1997 मध्ये ओटावा करार केला. अमेरिका, रशिया आणि चीन बाहेर राहिले, तरी आज दीडशेहून अधिक देश त्यात आहेत. बडे उत्पादक बाहेर राहिले तर करार पोकळ होईल, हा आक्षेप प्लॅस्टिकच्या बाबतीत जास्त वजनदार आहे, हे मान्य. त्यावरही जुना तोडगा आहे: ओझोनच्या थरासाठी झालेल्या 1987 च्या माँट्रियल करारात सभासद नसलेल्या देशांशी त्या रसायनांच्या व्यापारावरच निर्बंध होते, त्यामुळे बाहेर राहणंच महाग पडू लागलं. शंभर देशांची बाजारपेठ ज्या वस्तूला दार बंद करते, ती वस्तू बनवणाऱ्याला आपला साचा बदलावा लागतो, मग त्याच्या सरकारने सही केलेली असो वा नसो. पुढच्या फेरीत पुन्हा एकमताची वाट पाहत बसायचं, मतदान मागायचं की वेगळं टेबल मांडायचं, हे आता त्या शंभर देशांनी ठरवायचं आहे.